वृद्धांचा छळ आणि पोलिसांचे कर्तव्य

म्हातारपणी माणसाला दोन वेळचे अन्न, अंगावर धड वस्त्र, आजारात औषध आणि स्वतःच्या घरात निर्भयपणे पाठ टेकण्यापुरती जागा मिळावी, ही काही चैनीची मागणी नव्हे. हयातभर राबून ज्यांनी मुले वाढविली, कर्ज काढून त्यांना शाळेत घातले, पै पै जमवून डोक्यावर छप्पर उभे केले, त्यांच्यावरच उतारवयात हात उगारला जातो. त्यांना उपाशी ठेवले जाते. त्यांचे निवृत्तिवेतन परस्पर उचलले जाते, कोऱ्या कागदावर त्यांचा अंगठा उमटवून घेतला जातो, आणि बाहेर जाताना घराला कुलूप लावून त्यांना आत कोंडले जाते. हे सारे चार भिंतींच्या आड घडत असल्यामुळे जगाला त्याची वार्ताही लागत नाही. क्वचित एखादी म्हातारी धीर करून पोलीस ठाण्याची पायरी चढते, तेव्हा तेथे तिला बहुधा एकच उत्तर मिळते : हे तुमचे घरचे भांडण आहे, घरी जा आणि आपसात मिटवा. या एका उत्तरासंबंधी आज आम्हांस स्पष्टपणे चार शब्द लिहावयाचे आहेत.

हे उत्तर देणाऱ्या अंमलदारास आपण काही वाईट केले असे वाटत नाही. उलट एक घर मोडण्यापासून वाचविले, असेच समाधान तो मानीत असतो. परंतु या उत्तरानंतर काय होते, याचा विचार त्याने करावयास नको काय? ती म्हातारी ज्या घरातून जीव मुठीत धरून निघाली होती, त्याच घरी तिला परत जावे लागते. ती ठाण्यावर जाऊन आली ही बातमी तिच्या आधी घरी पोचलेली असते, आणि ठाण्यावर कोणी तिचे काही ऐकून घेतले नाही हेही तेथे कळलेले असते. आजवर ती निमूटपणे मार खात होती. आता तक्रार केल्याबद्दलही तिला मार खावा लागतो. ज्याने छळ केला त्याच्या मनात कायद्याची जी थोडीफार भीती उरली होती, तीही नाहीशी होते. म्हणजे पोलिसांनी काहीच केले नाही असे नव्हे. त्यांनी छळ करणाऱ्याचे हात बळकट केले.

हा प्रश्न दोन-चार घरांपुरता नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार, साठी ओलांडलेल्या दर ६ माणसांपैकी सुमारे एकास वर्षभरात कोणत्या ना कोणत्या प्रकारचा छळ सोसावा लागतो. २०११ च्या जनगणनेत आपल्या देशात ६० वर्षांवरील माणसांची संख्या १० कोटींहून अधिक भरली होती. संयुक्त राष्ट्रांच्या महासभेनेही २०११ मध्ये ठराव करून १५ जून हा दिवस वृद्धांच्या छळाविषयी जागृती करण्यासाठी नेमून दिला. वृद्धांबरोबर आणखी एका वर्गाचा उल्लेख केलाच पाहिजे. अर्धांगवायूने अंथरुणास खिळलेला तरुण, अंध बहीण, बुद्धीने अधू असा प्रौढ भाऊ, मनोरुग्ण काकी, ही माणसे वयाने मोठी असूनही दुसऱ्याच्या हातच्या घासावर जगत असतात. भरविणारा हातच जेव्हा मारणारा होतो, तेव्हा यांना ठाण्याची वाट चालून जाणेही शक्य नसते.

‘घरचा मामला’ हा शब्द आपल्या समाजाला नवा नाही. अस्पृश्यता पाळणे ही गावची रूढी आहे, तीत सरकारने पडू नये, असे एके काळी मोठमोठे लोक सांगत होते. राज्यघटनेच्या १७ व्या अनुच्छेदाने अस्पृश्यता नष्ट केली आणि १९५५ च्या कायद्याने तिचे आचरण हा गुन्हा ठरविला. नवऱ्याने बायकोला मारणे हीही अशीच घरातली गोष्ट समजली जात होती. १९८३ मध्ये दंड संहितेत तिच्यासाठी नवे कलम आले आणि २००५ मध्ये कौटुंबिक हिंसाचाराविरुद्ध स्वतंत्र कायदा झाला. दुर्बळावरील जुलमाला प्रथम रूढीचे, मग घराचे आणि मग नात्याचे पांघरूण घातले जाते. ते पांघरूण दूर करणे हेच कायद्याचे काम आहे. तेव्हा वृद्ध आईला मुलाने मारले तर ती खाजगी बाब, आणि वाटसरूने मारले तर तो गुन्हा, हा न्याय आम्हांस मान्य नाही. तो कायद्यालाही मान्य नाही.

कायदा काय म्हणतो ते पाहू. वार्धक्यात, आजारपणात आणि अपंगत्वात माणसाला साहाय्य मिळण्याची तरतूद राज्याने करावी, असे राज्यघटनेचा ४१ वा अनुच्छेद सांगतो. आई-वडील व ज्येष्ठ नागरिक यांचा चरितार्थ व कल्याण अधिनियम २००७ साली झाला. त्याच्या २४ व्या कलमानुसार, ज्याच्याकडे ज्येष्ठ नागरिकाची देखभाल वा संरक्षण आहे त्याने त्यास कायमचे टाकून देण्याच्या हेतूने कोठेही सोडून दिले, तर त्यास ३ महिन्यांपर्यंत कैद, ५,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. २५ व्या कलमाने हा गुन्हा दखलपात्र ठरविला आहे. म्हणजे बसस्थानकावर वा इस्पितळाच्या दारात आईला सोडून पळालेल्या मुलाचा शोध घेण्यासाठी पोलिसांना कोणाच्याही हुकमाची वाट पाहावी लागत नाही.

अपंग व्यक्तींच्या हक्कांचा २०१६ चा कायदा याहून कडक आहे. अपंग माणूस ज्याच्या ताब्यात आहे, त्याने जाणूनबुजून त्याचे अन्नपाणी तोडले, तर किमान ६ महिने आणि कमाल ५ वर्षे कैद व दंड अशी शिक्षा ९२ व्या कलमात आहे. त्याच कायद्याचे ७ वे कलम थेट पोलिसांना उद्देशून आहे. अपंग व्यक्तीच्या छळाची तक्रार आली, किंवा अन्य मार्गाने तो छळ कळला, तर कार्यकारी दंडाधिकाऱ्याकडे संरक्षण मागण्याचा हक्क, मोफत कायदेशीर मदतीचा हक्क, तक्रार नोंदविण्याचा हक्क आणि जवळच्या साहाय्यक संस्थेचा पत्ता पोलीस अधिकाऱ्याने त्या व्यक्तीला सांगितलाच पाहिजे. मानसिक आरोग्याविषयीच्या २०१७ च्या कायद्याचे १०१ वे कलमही असेच आहे. आपल्या हद्दीतील एखाद्या घरात मनोरुग्णास वाईट वागविले जात आहे किंवा त्याची हेळसांड होत आहे, असे मानण्यास कारण असेल, तर ठाण्याच्या प्रमुखाने ते तत्काळ दंडाधिकाऱ्यास कळविले पाहिजे. येथे तक्रारीची अट नाही. घरात डोकावण्याचे हे कर्तव्य कायद्यानेच सांगितलेले असताना, ‘आम्ही घरच्या भांडणात पडत नाही’ असे म्हणण्याचा अधिकार पोलिसांना कोणी दिला?

आता ठाण्यातील नेहमीची वाट पाहू. कोंडून ठेवणे, हाड मोडेल अशी दुखापत करणे, घातक हत्याराने मारणे, फसवून मालमत्ता लिहून घेणे हे भारतीय न्याय संहितेखालील दखलपात्र गुन्हे होत. असा गुन्हा उघड करणारी खबर मिळाली की ती नोंदविणे बंधनकारक आहे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ललिता कुमारी प्रकरणात २०१३ मध्ये दिला. कौटुंबिक वादात, गुन्हा घडला आहे की नाही एवढे पाहण्यासाठी, प्राथमिक चौकशीची मुभा त्याच निर्णयात आहे हे खरे. परंतु चौकशी म्हणजे बोळवण नव्हे. चौकशीसाठी घरी जावे लागते, पाहावे लागते, विचारावे लागते आणि लिहावे लागते. साधी मारहाण वा धमकी अदखलपात्र गुन्ह्यात मोडते. अशा वेळीही माहिती नोंदवून घेऊन तक्रारदारास दंडाधिकाऱ्याकडे पाठविण्याचे काम पोलिसांचेच आहे. अदखलपात्र याचा अर्थ दखल घेण्याच्या लायकीचे नाही असा ज्यांनी करून घेतला आहे, त्यांनी कायदा पुन्हा एकदा वाचावा.

मग पोलिसांनी नेमके कसे वागावे? आमच्या मते पहिली गोष्ट अशी की, वृद्धाचे म्हणणे एकट्यात ऐकून घ्यावे. ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे तो मुलगा, जावई वा पुतण्या शेजारी उभा असताना ‘काय हो आजोबा, काही त्रास आहे का?’ असे विचारणे म्हणजे नाही हेच उत्तर मागणे होय. ऐकू कमी येत असेल तर मोठ्याने व सावकाश बोलावे. बोलताना गोंधळ होतो म्हणून माणूस खोटे बोलतो असे समजू नये.

दुसरी गोष्ट, पोलिसांनी त्यांच्या घरी जावे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या १७९ व्या कलमानुसार तपासातील साक्षीसाठी ६० वर्षांवरील पुरुषास, कोणत्याही स्त्रीस, शरीराने वा मनाने अपंग अथवा तीव्र आजारी माणसास राहत्या ठिकाणाखेरीज अन्यत्र हजर राहण्याची सक्ती करता येत नाही. घरी गेल्याने आणखी एक लाभ होतो. तोंडाने जे सांगितले जात नाही ते घर सांगते. अंथरूण कोठे आहे, ओले आहे की कोरडे, पाण्याचा तांब्या हाताशी आहे की नाही, दाराची कडी बाहेरून आहे काय, औषधाच्या गोळ्या शेवटी केव्हा आणल्या, बँकेचे पुस्तक कोणाच्या खिशात आहे, पाठीला जखमा झाल्या आहेत काय, हे सारे पाहून लिहून ठेवावे. अंगावर वळ असतील तर त्याच दिवशी सरकारी इस्पितळात तपासणी करवावी. वळ विरतात, त्यांच्याबरोबर पुरावाही विरतो.

तिसरी गोष्ट आम्ही सर्वांत महत्त्वाची समजतो. दोष कोणाचा हा निवाडा पोलिसांनी त्या जागी करू नये. हा माणूस आज रात्री या घरात सुरक्षित राहील काय, एवढा एकच प्रश्न त्यांनी स्वतःला विचारावा. उत्तर नाही असे येत असेल, तर त्या रात्रीची सोय केल्यावाचून तेथून हलू नये. सोय करताना म्हाताऱ्यालाच उचलून वृद्धाश्रमात नेण्याची घाई मात्र करू नये. घर त्याचे असेल, तर त्याला बाहेर काढणे हा त्याच्यावर दुसरा अन्याय होईल.

चौथी गोष्ट, गुन्हा नोंदविल्यावर प्रथम खबरीची नक्कल मोफत द्यावी, आणि आठवड्याभरात पुन्हा एकदा त्या घरी फेरी मारावी. ही दुसरी फेरीच छळणाऱ्याला खरी समज देते.

येथे एक आक्षेप घेतला जाईल, आणि तो खोटा नाही. म्हातारी स्वतःच म्हणते की, माझ्या लेकाला तुरुंगात घालू नका, त्याला नुसते समजावा. अशा वेळी पोलिसांनी काय करावे? आमचे म्हणणे असे की, तिच्या इच्छेला मान द्यावा. परंतु ती इच्छा तिचीच आहे याची आधी खात्री करून घ्यावी. आपल्याला कोणते मार्ग मोकळे आहेत हे समजल्यावर जे निवडले जाते, ती इच्छा. दुसरा मार्गच नाही असे भासवून जे गळी उतरविले जाते, ती लाचारी. तिला तुरुंग नको असेल, तर चरितार्थाचा मार्ग आहे. २००७ च्या कायद्याखाली प्रांताधिकाऱ्याच्या दर्जाच्या अधिकाऱ्यापुढे चालणारे न्यायाधिकरण मुलांकडून दरमहा १०,००० रुपयांपर्यंत निर्वाहाची रक्कम देववू शकते. मुलांना नोटीस बजावल्यापासून ९० दिवसांत अर्ज निकालात काढावा असे कायदा सांगतो. वृद्धास चालता येत नसेल तर त्याने नेमलेली व्यक्ती वा संस्था अर्ज करू शकते, आणि न्यायाधिकरण स्वतः होऊनही दखल घेऊ शकते. सांभाळण्याच्या अटीवर घर लिहून दिले आणि मग सांभाळले नाही, तर २३ व्या कलमाखाली ते लिहून देणे रद्द करून घेता येते. अशा प्रकरणात घराचा ताबा परत देवविण्याचा अधिकार न्यायाधिकरणास आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२५ च्या जानेवारीत उर्मिला दीक्षित प्रकरणात सांगितले. हे सारे तिला कोण सांगणार? ठाण्याच्या टेबलापुढे ती उभी असताना अंमलदाराने सांगितले, तरच तिला ते कळणार. समेट घडवून आणणे वाईट नाही. परंतु नोंद न करता केलेला समेट हा समेट नव्हे, ती दडपादडपी होय.

दुसरा आक्षेप असा की, या कायद्याचा आधार घेऊन सासरची माणसे सुनेला घराबाहेर काढतील. हे भय अनाठायी नाही. सर्वोच्च न्यायालयाने एस. वनिता प्रकरणात २०२० मध्ये स्पष्ट केले आहे की, ज्येष्ठांच्या कायद्याचा उपयोग करून सुनेचा सामायिक घरात राहण्याचा हक्क हिरावता येत नाही, दोन्ही कायद्यांचा मेळ घातला पाहिजे. म्हणून पोलिसांनी एका दुर्बळाचा कैवार घेताना दुसऱ्या दुर्बळावर अन्याय करू नये. घरातील म्हाताऱ्याचे मलमूत्र काढणारी सून पुष्कळदा स्वतःच अर्धपोटी असते. दारिद्र्य आणि क्रौर्य यांतील भेद ओळखता आला पाहिजे. औषधाला पैसेच नाहीत म्हणून औषध न आणणारा मुलगा गुन्हेगार नव्हे; त्याला निराधार योजनेचा कागद आणि सरकारी इस्पितळाची वाट दाखवावी. पण बापाचे निवृत्तिवेतन दारूच्या गुत्त्यावर उधळून त्याचे औषध बंद करणारा गुन्हेगारच आहे. त्याने दारिद्र्याची सबब पुढे करू नये.

तिसरा आक्षेप मनुष्यबळाचा आहे. पोलिसांवर कामाचा बोजा आहे, हे आम्ही नाकारीत नाही. परंतु केंद्राने राज्यांपुढे ठेवलेल्या नमुना नियमांतच मार्ग दाखविलेला आहे. प्रत्येक ठाण्याने आपल्या हद्दीतील, विशेषतः एकट्या राहणाऱ्या, ज्येष्ठांची यादी ठेवावी, शक्य तेथे एखादा समाजसेवक बरोबर घेऊन महिन्यातून निदान एकदा त्यांची भेट घ्यावी, आणि त्यांच्याविरुद्धच्या गुन्ह्यांची वेगळी नोंदवही ठेवावी, असे तेथे सांगितले आहे. २०१९ च्या डिसेंबरात संसदेत आलेल्या दुरुस्ती विधेयकात प्रत्येक ठाण्यात ज्येष्ठांसाठी एक अधिकारी आणि प्रत्येक जिल्ह्यात एक विशेष पथक नेमण्याची तरतूद होती. ते विधेयक संमत झाले नाही, आणि २०२४ मध्ये लोकसभेची मुदत संपताच ते बाद झाले. ही तरतूद पुन्हा आणावी, अशी आमची सरकारकडे मागणी आहे. तोवर यादी आणि मासिक फेरी यांसाठी कोणत्याही नव्या कायद्याची गरज नाही.

आता आमच्या वाचकांसाठी दोन शब्द. आपल्या वस्त्यांतील माणसांना पोलीस ठाण्याविषयी जी धास्ती वाटते, तिला पिढ्यान्‌पिढ्यांच्या अनुभवाचा आधार आहे. तेथे आधी जात विचारली गेली आणि मग तक्रार, हे आपल्या वाडवडिलांनी सोसलेले आहे. त्यामुळे आपल्यातील म्हातारी माणसे घरातला जुलूम सोसतील, पण ठाण्याची पायरी चढणार नाहीत. ही भीती घालविण्यास माहिती हेच औषध आहे. दखलपात्र गुन्हा नोंदविण्यास ठाण्याने नकार दिला, तर तीच तक्रार लेखी स्वरूपात टपालाने पोलीस अधीक्षकाकडे पाठविता येते. तेथेही दाद न लागल्यास दंडाधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो. तातडीच्या वेळी ११२ आणि ज्येष्ठांच्या साहाय्यासाठी १४५६७ हे दूरध्वनी क्रमांक आहेत. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून स्त्रियांना, अपंगांना आणि अनुसूचित जातींतील व्यक्तींना मोफत वकील मिळतो; १९९० च्या दुरुस्तीपासून त्यांत अनुसूचित जातींतील बौद्धांचाही समावेश आहे. हे क्रमांक आणि हा हक्क प्रत्येक विहाराच्या फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलेला असला पाहिजे. वस्तीतील दोन शिकलेल्या तरुणांनी आणि एका जाणत्या बाईने मिळून एवढे एक काम अंगावर घ्यावे : ज्या म्हाताऱ्याला ठाण्यावर जावयाचे आहे, त्याच्याबरोबर जावे, त्याचा अर्ज लिहून द्यावा, आणि नोंद झाल्यावाचून परत येऊ नये. एकट्या म्हातारीला ‘आपसात मिटवा’ म्हणणे सोपे असते. तिच्याबरोबर कायदा जाणणारी तीन माणसे उभी असली की ते तितके सोपे राहत नाही.

शेजाऱ्यांनीही आपल्या मनाची तपासणी करावी. भिंतीपलीकडून रात्री येणारा कण्हण्याचा आवाज ऐकून कूस बदलणारा शेजारी आणि ‘घरचे भांडण’ म्हणून तक्रार परत पाठविणारा अंमलदार यांत फार मोठा फरक नाही. दोघेही एकच म्हणत असतात की, हे माझे काम नव्हे. समतेचा आग्रह धरणाऱ्या आपल्या कुटुंबांत तरी हे वाक्य उच्चारले जाऊ नये. समतेची मागणी आपण समाजाकडे करतो, ती घरातल्या दुर्बळाला नाकारता येणार नाही. जो स्वतःच्या बापाला दिवसभर कोंडून ठेवून संध्याकाळी सभेत हक्कांवर भाषण करतो, त्याचे भाषण ऐकण्याची कोणालाही गरज नाही.

पोलिसांना आमचे शेवटचे सांगणे इतकेच. तुमच्यापुढे थरथरत उभा असलेला वृद्ध तुमच्याकडे दया मागावयास आलेला नाही. तो या देशाचा नागरिक आहे, आणि वय वाढल्याने त्याचे नागरिकत्व कमी होत नाही. त्याला बसावयास खुर्ची द्या, त्याचे म्हणणे एकट्यात ऐका, ते त्याच्या शब्दांत लिहून घ्या आणि त्याच्या घरापर्यंत जा. कायद्याने तुमच्याकडून एवढेच मागितले आहे.